सांबारला शून्य गुण

मी वाचोपचारतज्ज्ञ होते. हा शब्द एका दमात म्हणता येत नाही म्हणूनच निम्मे लोक माझ्याकडे येत असावेत, असा मला सुरुवातीची काही वर्षं दाट संशय होता. नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात, तळमजल्यावर, एक्स-रेची खोली आणि कायमची बंद पडलेली लिफ्ट यांच्यामध्ये माझी खोली होती. दारावर पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. वरच्या वॉर्डातली मंडळी रुग्णाला सांगत, "खाली जा, बोलाच्या मॅडमकडे." तीस वर्षं मी बोलाची मॅडम होते आणि बहुतेक वेळ ऐकत होते.

मी नेमकं काय करते, हे लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही. कोणाला वाटे मी बोबडी मुलं सरळ करते, कोणाला वाटे मी गाणं शिकवते. एकदा एक गृहस्थ आले. त्यांना नगरसेवकाचं तिकीट मिळायचं होतं.

"मॅडम, भाषण देताना माह्या तोंडातून शब्द गोल गोल फिरते अन् लोकं हासतात. काही तरी करा."

मी तपासलं. घसा उत्तम, जीभ त्याहून उत्तम. मी म्हटलं, "तुमच्यात दोष काहीच नाही. फक्त वाक्य सुरू करायच्या आधी ते कुठे संपवायचं, हे ठरवत जा."

ते गंभीर झाले. "ठरवलं तर लोकायले समजन ना, मॅडम."

या दुखण्यावर आमच्या शास्त्रात उपचार नाही. ते निवडून आले.

माझं खरं काम लकव्याच्या रुग्णांचं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकते, उजवा हातपाय लुळा पडतो आणि पुष्कळदा त्यांच्याबरोबर शब्दही जातात. असा माणूस वेडा झालेला नसतो. बहिराही नसतो. त्याला चहा हवा असतो, कप डोळ्यांसमोर दिसत असतो, फक्त 'चहा' सापडत नाही. घरचे मात्र त्याच्याशी ओरडून बोलू लागतात, आणि भेटायला आलेले पाहुणे त्याच्या तोंडावरच म्हणतात, "किती हुशार होते हो!"

शब्द आपल्या डोक्यात शब्दकोशासारखे अ पासून ज्ञ पर्यंत लावलेले नसतात. ते इतवारी बाजारातल्या जुन्या किराणा दुकानासारखे असतात. हळदीशेजारी तिखट, तिखटाशेजारी धने, आणि कुठल्याशा कोपऱ्यात गेल्या वर्षीची राखी. कशाशेजारी काय ठेवलंय, हे त्या दुकानदारालाच ठाऊक. दिवे गेले तरी त्याचा हात बरोबर डब्यावर जातो. लकव्यानंतर तो हात एक डबा चुकतो. कुलूप मागायचं असतं, तोंडातून किल्ली येते. एक आजी आठवडाभर नवऱ्याला 'सासूबाई' म्हणत होत्या. नातेवाईक पोट धरून हसले. मी त्या गृहस्थांना बायकोवर डाफरताना पाहिलं होतं, म्हणून मी ती चूक धरली नाही.

बाकी चुका मात्र मला धराव्याच लागत. त्यासाठी सरकारनं मला एक पेटी दिली होती. पेटीत साठ चित्रं आणि एक उत्तरपत्रिका. चित्र दाखवायचं, रुग्णानं नाव सांगायचं, नाव पत्रिकेशी जुळलं तर एक गुण, नाही तर शून्य. राज्याच्या पश्चिमेकडच्या कोणा विद्वानांनी ती बनवली होती. त्यांचा विदर्भाशी परिचय बहुधा संत्र्यापुरता असावा, कारण पेटीतलं संत्रं तेवढं सगळ्यांना जमे. पुढे सगळा गोंधळ. चित्रात कोथिंबिरीची जुडी. आमच्याकडचा माणूस म्हणणार 'सांबार', कारण विदर्भात तिला सांबारच म्हणतात. चित्रात बटाटा, तो म्हणणार 'आलू'. पेरूला 'जाम', उलथन्याला 'सराटा', पातेल्याला 'गंज'. नियमानं सगळ्यांना शून्य. वर शेरा लिहायचा: 'रुग्णाने पालेभाजीऐवजी दाक्षिणात्य पदार्थाचे नाव सांगितले. अर्थविषयक चूक.'

हा शेरा मी निळ्या शाईनं, सुवाच्य अक्षरात वर्षानुवर्षं लिहिला. त्या वेळी माझ्या टेबलाखालच्या पिशवीत सकाळी बाजारातून आणलेली सांबाराची जुडी असे.

मी मूळची पूर्व नागपुरातली, हातमागावर लुगडी विणणाऱ्या घरातली. सांबार म्हणजे काय हे मला कळत नव्हतं, असं नाही. पण मी गावंडे सरांची विद्यार्थिनी होते.

गावंडे सर आम्हाला शाळेत मराठी शिकवायचे. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि कान असा की मागच्या बाकावर कोणी कुजबुजत 'काहून' म्हटलं तरी खडू थांबायचा. "काहून नाही. का. एका अक्षरात काम होतं, तुम्हाला तीन लागतात." 'मले', 'तुले', 'त्याले' हे त्यांच्या लेखी गुन्हे होते. शिक्षा एकच: फळ्यापुढे उभं राहून 'मला, तुला, त्याला' पन्नास वेळा म्हणायचं. स्वतः सर सावनेरजवळच्या एका खेड्यातले. पण त्यांच्या तोंडून गावाचा एक शब्द कधी कोणी ऐकला नव्हता. मुलं मागे म्हणत, "नावात गावंडे, तोंडात पुणं."

सहावीत मला वर्गात ताप भरला. मी उठून म्हटलं, "सर, मले बरं वाटून नाही राहिलं."

सर म्हणाले, "मला बरं वाटत नाही. असं म्हण, आणि जा."

मी म्हणायला लागले. 'मला बरं' पर्यंत पोचले आणि तिथेच ओकले. सरांनी स्वतः पाणी आणलं, पाठीवर हात फिरवला, मला घरी पोचवायला माणूस दिला. ते दुष्ट नव्हते. निघताना हळूच म्हणाले, "उद्या वाक्य पूर्ण कर."

मी पूर्ण केलं. त्यानंतर कायमच पूर्ण केलं. कॉलेजात, शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत, नोकरीत, कुठेही माझं 'मले' कोणाला सापडलं नाही. नागपुरात मला कोणी 'तुम्ही पुण्याच्या का?' असं विचारलं की मला आनंद होत असे. हे लिहायला आज लाज वाटते, पण होत असे.

निवृत्तीला आठनऊ वर्षं असताना एका सकाळी चाकांच्या खुर्चीत बसून गावंडे सर माझ्या खोलीत आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे. उजवा हात मांडीवर पडलेला, खिशात तरीही दोन पेनं. लकवा होऊन महिना झाला होता आणि त्या महिन्यात एकही शब्द उमटला नव्हता. खुर्ची ढकलत होता त्यांचा मुलगा प्रसाद. तो पुण्यात मोठ्या कंपनीत होता आणि रजा काढून आला होता. मागे सरांच्या पत्नी विमलकाकू, हातात डबा घेऊन, भिंतीला धरून उभ्या.

मी नमस्कार केला, नाव सांगितलं. सरांनी ओळखलं. डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी मनात एक फार वाईट विचार येऊन गेला: आता उत्तरपत्रिका माझ्या हातात आहे.

पेटी उघडली. पहिली आठ चित्रं शांततेत गेली. सर ओठ हलवत, कपाळावर घाम येई, शब्द येत नसे. नववं चित्र कोथिंबिरीचं. सरांनी ते जवळ ओढलं. गळ्याच्या शिरा ताणल्या आणि खोलीत स्पष्ट आवाज आला:

"सां... सांबार."

महिन्याभरानंतरचा पहिला शब्द! मी टाळी वाजवणार, तेवढ्यात प्रसाद वाकून म्हणाला, "बाबा, कोथिंबीर. को-थिं-बीर."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "को... कोथ... को..." मग डाव्या हातानं चित्र बाजूला लोटून म्हणाले, "हट बे!"

मागून एक विचित्र आवाज आला. विमलकाकू तोंडाला पदर लावून हसत होत्या.

प्रसाद मला बाहेर घेऊन गेला. "मॅडम, हे काय? घरी आम्ही आयुष्यात असे शब्द ऐकले नाहीत. बाबांच्या विचारशक्तीवर परिणाम झालाय का?"

मी म्हटलं, "विचारशक्ती ठीक आहे. तुम्हाला हट म्हणाले ना?"

"पण हे गावठी कुठून आलं?"

मी समजावलं. लहानपणी आधी शिकलेलं पुष्कळदा जास्त टिकतं. नेहमीच नाही, पण पुष्कळदा. वरचा मजला कोसळला की खालची जुनी खोली दिसते, तसं. प्रसादनं मान हलवली आणि विचारलं, "मग वरचा मजला किती दिवसांत होईल?"

त्यानं पुण्याहून एक अ‍ॅपही आणलं होतं. टॅबलेटवर चित्र येई आणि गोड आवाजातली बाई विचारे, "हे काय आहे बरं?" सर गप्प राहिले की ती म्हणे, "छान प्रयत्न!" तिसऱ्या 'छान प्रयत्न'ला सरांनी टॅबलेट उलटा करून ठेवला. रजा संपली, प्रसाद परत गेला, आणि रोज सकाळी ऑटोनं सरांना आणायचं काम विमलकाकूंकडे आलं.

आमच्याकडे एक साधा व्यायाम असतो. मी एक शब्द म्हणते, रुग्णानं त्यावरून मनात पहिला येईल तो सांगायचा. एका शब्दाला हात घातला की शेजारचा हलतो, म्हणून. मी सरांसाठी त्यांच्या आयुष्यातले शब्द निवडले. 'शाळा.' काही नाही. 'पुस्तक.' नाही. 'व्याकरण' म्हटल्यावर सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोण्या अनोळखी माणसाची चौकशी करतेय. 'पातेलं' म्हटलं. नाही.

भिंतीशी बसलेल्या काकू अचानक म्हणाल्या, "गंज म्हणून पाहा."

तोवरच्या दोन आठवड्यांतलं त्यांचं ते पहिलंच वाक्य. मी म्हटलं, "गंज."

"दूध," सर म्हणाले.

"दूध?"

"साय."

"साय?"

"माय," सर म्हणाले, आणि रडायला लागले.

काकूंनी सांगितलं, "साय त्यायची माय बाजूले काढून ठेवे. ह्यायले एकट्यालेच दे. गंज चुलीवरून उतरवता उतरवता एकडाव ह्यायचा हात बी पोळला होता. हे पाहा." त्यांनी सरांचा लुळा हात उलटा करून मनगटावरचा जुना डाग दाखवला.

त्या दिवशी मला माझा धंदा थोडा जास्त कळला. आम्हाला शिकवलं होतं की 'पातेलं' आणि 'गंज' ही एकाच भांड्याची दोन नावं. कागदावर तसंच आहे. डोक्यात तसं नाही. पातेलं सरांनी पुस्तकात वाचलं होतं. गंजानं त्यांचा हात पोळला होता.

मी काकूंना म्हटलं, "उद्यापासून तुम्ही इथे माझ्या शेजारी बसा. शब्द तुम्ही सांगायचे."

त्या दचकल्या. "मी? मले नाही बोलता येत बाई."

"आता काय करून राहिल्या मग?" मी म्हटलं. तोंडातून निसटलं ते. काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

हळूहळू त्यांच्याकडून कळलं. लग्न होऊन आठ दिवस झाले होते. सरांच्या शाळेतले मास्तर लोक जेवायला आले. काकूंनी वाढताना विचारलं, "अजून घ्याचं हाय का तुमाले?" पाहुणे हसले नाहीत, पण सरांना ते हसल्यासारखे वाटले. रात्री सर शांतपणे म्हणाले, "पाहुण्यांपुढे तू बोलू नको. आधी शिक, मग बोल."

"मग शिकलात?"

"शिकली ना. 'हो' अन् 'नाही'. त्याच्यात चूक नाही निघत." पंचेचाळीस वर्षं त्यांनी या दोन शब्दांवर संसार केला होता. मुलगा लहान असताना त्याच्याशीही जपून बोलल्या, न जाणो त्याला लागण व्हायची. प्रसादनं हे शब्द घरात ऐकले नव्हते ते यामुळे.

आता त्या बोलू लागल्या. आधी चित्रांची नावं, मग चित्रांवरून आठवणारी माणसं, मग त्या माणसांच्या भानगडी. सर ऐकत आणि मधेच एखादा शब्द टाकत. फडा, म्हणजे झाडू. सराटा. इहीर, म्हणजे विहीर. सहा आठवड्यांत सर तीन-चार शब्दांचं वाक्य बोलायला लागले. एकदा ते 'मला'वर अडकले. "म... मल... मल..." काकू म्हणाल्या, "मले म्हना. लवकर येते." सरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मले चाय पाह्यजे." मी उत्तरपत्रिकेत पाहिलं. त्यात या वाक्याला कुठेच रकाना नव्हता.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग उमरेडकर आले.

सरांनी निवृत्तीनंतर शुद्ध भाषेसाठी एक मंडळ स्थापन केलं होतं. मंडळाचे सभासद दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ तपासत फिरत आणि दुकानदारांना पोस्टकार्डं पाठवत. आता त्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही होता. तिथे कोणी 'सुप्रभात' असं नुसतं लिहिलं तरी चर्चा व्हायची. उमरेडकर हे मंडळाचे सचिव. जाकीट, हातात फाइल, आणि 'आशिर्वाद' लिहिणाऱ्याला आयुष्यभर माफ न करणारा चेहरा.

"मॅडम, महिन्याभरानं आमचा वार्षिक सोहळा आहे. सरांना जीवनगौरव द्यायचा ठरलंय. सरांनी दोनच वाक्यं बोलावीत. 'मी आपला ऋणी आहे. मराठी शुद्ध बोला.' एवढं करून द्या."

मी सांगितलं की सर बोलतात, पण असं नाही. कसं बोलतात तेही सांगितलं. उमरेडकरांचा चेहरा लकवा झाल्यासारखा झाला. पण लगेच सावरून म्हणाले, "मग आपण असं जाहीर करू, की भाषेच्या ऱ्हासाच्या निषेधार्थ सरांनी मौन धारण केलंय. उलट जास्त परिणाम होईल."

सर समोर बसले होते. त्यांना प्रत्येक शब्द कळत होता. काकू म्हणाल्या, "त्यायले तर इचारा."

उमरेडकर सरांकडे वळले आणि बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडले, "सर! सोहळ्याला! याल ना?"

सरांनी वेळ घेतला. "मले... जाचं हाय. बोलाचं हाय."

आता मी जे केलं ते सांगते. मी जवळजवळ चार आठवडे त्यांच्याकडून ती दोन वाक्यं घोकून घेतली. मला मोह झाला होता. भरलेलं सभागृह, बोलके झालेले सर, आणि कोणी तरी माइकवरून म्हणेल की हे सगळं त्यांच्याच विद्यार्थिनीनं केलं. आम्ही चित्रं बंद केली, गप्पा बंद केल्या. सकाळपासून 'मी आपला ऋणी आहे'. सर 'ऋ'वर अडखळत, मी परत म्हणायला लावी. पन्नास वेळा. तिसऱ्या आठवड्यात त्यांचं 'सांबार'ही गेलं. ते खिडकीबाहेर बघत बसू लागले. तरी मी थांबले नाही.

सोहळ्याला चार दिवस उरले असताना काकूंनी सरांची खुर्ची दाराकडे फिरवली. म्हणाल्या, "बाई, राग नोका मानू. पन तुमी बी त्यायच्याच शाळेतल्या ना."

एवढं बोलून त्या गेल्या. मला माझी आई आठवली. ती शेवटी आजारी असताना मी तिला विचारायची, "आई, तुला बरं वाटतंय का?" आणि ती शेजारणीला सांगायची, "पोरगी चांगली हाय, पन पाहुनीवानी बोलते." ती जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. मी तिच्याशी शेवटचं घरचं बोलणं कधी बोलले होते, हे मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेले. सरांसमोर बसून म्हटलं, "सर, मायं चुकलं. ते दोन वाक्यं सोडून द्या. तुमाले जे म्हनाचं हाय, ते म्हना." तीस-पस्तीस वर्षांनी ही भाषा बोलताना माझीच जीभ अडखळली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी चूक काढली नाही. काकूंनी चहा आणला आणि तिथेच बसून त्या शेजारच्या घरातली भानगड सांगायला लागल्या.

सोहळ्याला सभागृह भरलं होतं. प्रसादही आला होता. उमरेडकरांनी शाल दिली, नारळ दिला, मानपत्र वाचलं. ते इतकं शुद्ध होतं की कोणाला कळलं नाही. मग त्यांनी घसा साफ केला. "मित्रहो, भाषेचा ऱ्हास पाहून व्यथित झालेल्या सरांनी मौन..."

सरांनी डावा हात वर केला. काकू उठल्या. मंचावर त्यांना खुर्ची नव्हती, त्या पहिल्या रांगेत होत्या. त्या पायऱ्या चढल्या, उमरेडकरांच्या हातातून माइक काढून घेतला आणि सरांच्या तोंडापुढे धरला.

"मी..." सर म्हणाले. "मी... बोलून राहिलो." थांबले. "मायं... बोलनं गेलं होतं. पुस्तकातलं... गेलं. मायचं... राह्यलं." त्यांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. "हिनं... आनलं. हिले मी... बोलू नाही देल्लं."

पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कोणी नागडं दिसावं तशी नजर खाली केली. एवढ्यात उमरेडकर दुसऱ्या माइकपाशी पोचले. माणूस खरोखर हजरजबाबी.

"वा! मित्रहो, पाहिलंत? या वयात, या प्रकृतीत, अशुद्ध भाषा किती कर्णकटू वाटते याचं सरांनी आपल्याला प्रात्यक्षिक करून दाखवलं!"

सभागृहानं सुटकेचा श्वास सोडला आणि कडाडून टाळ्या वाजवल्या. लोक उभे राहिले. एक बाई डोळे पुसत होत्या. सर गोंधळून इकडेतिकडे पाहत होते. मग काय झालंय ते त्यांना कळलं. त्यांचा चेहरा लाल झाला, काकूंच्या हातातला माइक त्यांनी जवळ ओढला, आणि एकदाही न अडखळता, खणखणीत आवाजात म्हणाले:

"चूप बस बे भैताडा! मी खरं बोलून राहिलो!"

राग आला की मेंदू शब्द वेगळ्या वाटेनं पाठवतो, म्हणून शिव्या पुष्कळदा शाबूत राहतात, असं आमचं शास्त्र सांगतं. शास्त्र काही सांगो. लकव्यानंतरचं सरांचं ते पहिलंच एवढं लांब अखंड बोलणं होतं. टाळ्या बंद पडल्या. मागच्या रांगेतून, बहुधा कोणा माजी विद्यार्थ्याकडून, शिट्टी आली. काकू मंचावर उभ्या राहून मोठ्यानं हसल्या, या वेळी पदर न लावता.

मंडळाच्या इतिवृत्तात या प्रसंगाची नोंद 'सरांनी थोडक्यात आशीर्वाद दिले' अशी आहे. 'आशीर्वाद'मधला 'शी' दीर्घ आहे.

मी त्यानंतर कार्यालयाला एक प्रस्ताव पाठवला: पेटीच्या उत्तरपत्रिकेत स्थानिक शब्द ग्राह्य धरावेत. वर्षभरानं उत्तर आलं की, 'सराटा' व 'गंज' या शब्दांचा अर्थ कळवावा. मी कळवला. पुढचं उत्तर आलं: अर्थ समजला, तथापि त्यांस प्रमाण शब्द उपलब्ध असल्याने रुग्णांना तेच शिकवावेत. त्या दिवसापासून मी उत्तरपत्रिकेच्या समासात पेन्सिलीनं दुसरा रकाना काढून गुण देऊ लागले. पेन्सिल अशासाठी की तपासणीला कोणी आलं तर खोडता यावं. मी शूर नव्हते, हे नमूद करते. आणि आधीच्या वर्षांत निळ्या शाईनं दिलेली शून्यं खोडता येत नाहीत. ती शून्यं मिळालेली किती माणसं बोलू शकत असूनही घरच्यांच्या लेखी मुकी ठरली असतील, ते मला कधीच कळणार नाही.

सरांवरचे उपचार संपवायचे होते, म्हणून सोहळ्यानंतर काही महिन्यांनी मी त्यांच्या घरी शेवटचा फॉर्म घेऊन गेले. प्रसाद आता रोज संध्याकाळी फोन करतो आणि आईच फोन सोडत नाही, असं काकूंनीच अभिमानानं सांगितलं. नंतर त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीला कसं गप्प केलं ते सांगितलं, मग खालच्या मजल्यावरच्या सुनेचं सांगितलं. सर खिडकीपाशी बसून होते. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

फॉर्मवर एक रकाना होता: 'रुग्णाची सध्याची तक्रार'. मी काकूंचं बोलणं थांबवून सरांना विचारलं, "सर, आता काय त्रास हाय?"

सरांनी डाव्या हाताचं बोट काकूंकडे केलं.

"मले... बोलू देऊन नाही राहिली."

काकू म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्सं ऐकलं. आता तुमी ऐका."

मी हसत हसत फॉर्म भरला. सरकारी कागद, वीस-बावीस वर्षांचा सराईत हात. लिहिलं: 'पत्नी बोलू देत नाही.' काकूंनी चष्मा लावला, कागद माझ्या हातातून घेतला, ती ओळ बोट ठेवून वाचली आणि कागद परत माझ्यापुढे ठेवला.

"हे चुकलं," त्या म्हणाल्या. "ते असं नाही म्हनले. 'देऊन नाही राहिली' म्हनले. तसंच लिवा."

मी ओळ खोडली आणि तसंच लिहिलं.